ओळखीच्या फायली आधी बाजूला काढा

जप्त केलेल्या हार्ड डिस्कच्या प्रतीत लाखो फायली असतात, पण त्यातल्या बऱ्याचशा विंडोज, ऑफिस, ब्राउझर यांच्याच. त्या एकेक उघडत बसू नका. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची नॅशनल सॉफ्टवेअर रेफरन्स लायब्ररी फुकट उतरवता येते. तिच्यात माहीत असलेल्या सॉफ्टवेअर फायलींचे हॅश, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे, असतात. हा संच ऑटोप्सीसारख्या डिस्क तपासायच्या साधनाला जोडा आणि जुळलेल्या फायली यादीतून लपवा. फाइलचं नाव बदललं तरी हॅश तोच राहतो. आत एक बाइट बदलला की तो पार वेगळा होतो.

मात्र ‘ओळखीची’ म्हणजे ‘निर्धोक’ नव्हे. या संचात हॅकिंगची साधनंही आहेत, आणि ती सरसकट लपवली तर नेमका पुरावाच नजरेआड जाईल. उलट, जुळलं नाही म्हणून फाइल संशयास्पदही ठरत नाही. लॉग आणि सेटिंगच्या फायली प्रत्येक संगणकावर वेगळ्याच असणार. (रिकाम्या फायलींचा हॅश मात्र सगळीकडे एकच!)

हॅश काढायच्या पद्धती अनेक आहेत; जुळवणी शक्यतो त्यातल्या एसएचए-२५६ वर करा. एमडी५ मध्ये एकच हॅश असलेल्या दोन वेगळ्या फायली मुद्दाम बनवता येतात. एसएचए-१ चीही तीच गत 2017 मध्ये दाखवली गेली.