वावरासाठी कुत्रं आणायचंय? दत्तक घ्यावं की ब्रीडरकडून (जातिवंत कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याकडून) विकत?

बैलबाजारात दात मोजल्याशिवाय, जुंपून चालवून पाहिल्याशिवाय आपण बैल घेत नाही. कुत्रं मात्र मोबाइलवरचा फोटो पाहून ठरवतो. मीही तेच केलं. शहरातल्या एका विक्रेत्याने लॅब्राडॉरचं पिल्लू बसस्टँडवर खोक्यात घालून हाती दिलं. चौथ्या दिवशी रक्ताची हगवण, सहाव्या दिवशी संपलं. पार्व्हो, पिल्लांना मारणारा विषाणूचा आजार.

आधी काम ठरवा

रानडुकरं-रोह्यांची (नीलगायींची) चाहूल लागताच भुंकणारं, रात्री पिकाच्या जागलीचं कुत्रं हवं, की घरात पोरांसोबत राहणारं? जागलीला जात लागत नाही. मे महिन्यात आपल्या विदर्भात पारा 45 च्या वर जातो आणि कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकूनच थंड होतं. चपट्या नाकाच्या पगला तेही धड जमत नाही. हस्की तर बर्फातली. लाईट गेली, कूलर बंद पडला की काय करणार? या दोन जाती विदर्भात आणूच नयेत. आणि डुकराच्या अंगावर सोडायला कुत्रं हवं असेल, तर तो नाद सोडा. सुळ्याने पोट फाटलेलं कुत्रं मी पाहिलंय.

जागलीसाठी निवाऱ्यातलं मोठं कुत्रं पाहा

गावात बेवारस कुत्र्यांचं निवारा केंद्र नसतं, नागपूर-अमरावतीसारख्या शहरात जावं लागतं. तिथून पिल्लू नको, दीड-दोन वर्षांचं घ्या. पिल्लू पुढे कसं निघेल ते कोणी सांगू शकत नाही. मोठ्याचा स्वभाव समोर दिसतो. दोनदा जा, त्यातली एक चक्कर खाण्याच्या वेळी. ताटलीजवळ माणूस आला की गुरगुरतं का? हातात काठी दिसली की अंगावर येतं का? आपल्याकडे प्रत्येकाच्याच हातात काठी असते, म्हणून हे महत्त्वाचं. रस्त्यावरून आलेलं असेल तर कान पाहा, नसबंदी झाल्याची खूण म्हणून त्याला खाच असते. लसीचा कागद मागा. दिवसभर साखळीला बांधणार असाल तर तसं खरं सांगा. निवाऱ्यातले लोक नाही म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

जातीचंच हवं असेल तर ब्रीडरच्या घरी जा

केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. केनेल क्लबचा (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेचा) कागद वंशावळीचा असतो; तो दाखवून कोणी नोंदणीचा विषय टाळत असेल तर भुलू नका. पिल्लाचं तोंड उघडून पाहा. दोन महिन्यांच्या सुमारास दुधाचे 28 दात आलेले असतात. मागच्या दाढांचा पत्ता नसेल तर वय वाढवून सांगितलंय.

मग आई दाखवायला सांगा. आमच्या शेजारचे काकाजी म्हणतात, "पोट्ट्या, पिल्लू काय पायतं? माय पाय त्याची!" ती फासळ्या निघालेली, माणूस दिसताच कोपऱ्यात दडणारी असेल, किंवा "आई दुसऱ्या गावी आहे" असं ऐकायला मिळालं, तर परत फिरा. लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आजार वंशातून येतो. आईबापाचे एक्स-रे काढलेत का, विचारा. चांगला ब्रीडर उलट तुमचीच चौकशी करतो.

गावातलीच कुत्री कुटाराच्या खोलीत व्याली असेल तर फुकटचं पिल्लूही वाईट नाही. आई ओळखीची असते. फक्त आठ आठवडे तिच्याजवळ राहू द्या.

लसी आणि अंगण

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो-डिस्टेंपरची लस, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग वर्षाने बूस्टर. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आहे का, हे पिल्लू आणण्याआधी विचारा. पार्व्होचा विषाणू मातीत वर्षभरही टिकू शकतो. मी छपरी ब्लीचिंगने धुतली, पण अंगणाच्या मातीचं काय करणार? म्हणून दुसऱ्या खेपेला सगळ्या लसी झालेली, दोन वर्षांची गावठी कुत्री निवाऱ्यातून आणली.

आणल्यावर

पहिले पंधरा दिवस मोकळं सोडू नका, नाहीतर पळून जाईल. सकाळ-संध्याकाळ दोरीने धरून धुऱ्याधुऱ्याने फिरवा, शेजाऱ्याच्या कोंबड्या लांबूनच दाखवा. वावर जंगलाला लागून असेल तर रात्री बंद गोठ्यात घ्या. उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यापुढे वाढलेलं ताट. आमची कुत्री गोठ्यातूनच भुंकते. डुकरं तेवढ्याने पळतातच असं नाही, पण मला जाग येते.