म्युझिक प्लेअरला सराउंड साउंड जोडताना चॅनेलचा क्रम आधी तपासा

बफर, सॅम्पल रेट आणि डीकोडर (एन्कोड केलेली फाइल उलगडून ध्वनी देणारा भाग) यांची ओळख तुम्हाला असेलच. मला सर्वाधिक छळले ते चॅनेलच्या क्रमाने, म्हणजे कोणत्या स्पीकरचा आवाज फाइलमध्ये कितवा येतो याने, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

वेव्ह आणि फ्लॅक या फाइल-फॉरमॅटमध्ये ५.१ चा (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) क्रम पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, एलएफई (सबवूफरचा खर्जाचा चॅनेल), मागचा डावा, मागचा उजवा असा असतो. व्हॉर्बिस आणि ओपस या फॉरमॅटमध्ये तो डावा, मधला, उजवा, मग मागचे दोन आणि शेवटी एलएफई असा असतो. व्हॉर्बिसचा डेटा क्रम न बदलता वेव्हच्या क्रमाची अपेक्षा करणाऱ्या आउटपुटकडे पाठवला, तर मधल्या चॅनेलवरचा गायक उजव्या स्पीकरमधून गातो, उजवीकडची वाद्ये मधून ऐकू येतात आणि मागचा डावा चॅनेल सबवूफरकडे जाऊन जवळजवळ नाहीसा होतो. प्रोग्राम बंद पडत नाही, लॉगमध्ये एरर येत नाही, त्यामुळे सगळे सुरळीत आहे असेच वाटत राहते. त्यात लिबव्हॉर्बिस ही व्हॉर्बिसची मूळ लायब्ररी मूळ क्रम देते, तर एफएफएमपेग या दुसऱ्या लायब्ररीचा डीकोडर क्रम आधीच बदलून देतो. तिथे तुम्ही तो पुन्हा बदललात की बिघाड परत हजर होतो. म्हणून गाणे लावून चाचणी घेऊ नका. प्रत्येक चॅनेलवर त्या त्या स्पीकरचे नाव उच्चारलेली फाइल स्वतः तयार करा, ती सर्व फॉरमॅटमध्ये एन्कोड करा आणि एकेक ऐका.

यासाठी महागडे होम थिएटर लागत नाही. मुंबईतल्या लहानशा खोलीत लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुना रिसीव्हरही (स्पीकर जोडायचा अ‍ॅम्प्लिफायर) पुरतो. फक्त त्याला ध्वनी स्वीकारणारे एचडीएमआय असावे, कारण एसपीडीआयएफ या डिजिटल ऑडिओ जोडणीवरून अनकंप्रेस्ड पीसीएमचे (न दाबलेल्या ध्वनीचे) दोनच चॅनेल जातात. मार्गदर्शक शोधायचाच असेल, तर कोड लिहून देणाऱ्यापेक्षा शेजारी बसून ऐकणारा शोधा; अंधेरीतल्या एखाद्या स्टुडिओतला मिक्सिंग असिस्टंट इथे अधिक उपयोगी पडेल असे माझे ठाम मत आहे.

स्टिरिओ अपमिक्सचे, म्हणजे दोन चॅनेलच्या गाण्यातून सराउंड तयार करण्याचे, मूळ सूत्र सोपे आहे: मधल्यासाठी डाव्या-उजव्याची बेरीज, मागच्यांसाठी वजाबाकी. मात्र दोन्ही चॅनेल पूर्ण पातळीवर समान असतील, तर ०.७०७ ने गुणूनही बेरीज १.४१४ होते, म्हणजे १ ही पूर्ण पातळी ओलांडते, आणि आवाज फाटतो, म्हणून आधीच पातळी खाली घ्या. मागच्या चॅनेलला १० ते २० मिलिसेकंदांचा विलंब दिला की गाणे पुढूनच येत असल्याचे कानाला जाणवते. तयार रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम) लावून त्यालाच सराउंड म्हणण्याचा आडमार्ग मला मुळीच मान्य नाही. त्याने मूळ मिश्रण गढूळ होते.

आपल्याकडच्या संग्रहांत एक गोष्ट हमखास आडवी येते. बालगंधर्वांची ध्वनिमुद्रणे मोनो आहेत, तेव्हा वजाबाकी शून्य यायला हवी. पण तबकडी स्टिरिओ पिकअपने डिजिटल केलेली असेल, तर दोन्ही चॅनेलवरची खरखर वेगवेगळी असते आणि वजाबाकीत गाणे जाऊन नेमकी तीच मागच्या स्पीकरांवर उरते. अशा वेळी दोन चॅनेलमधील साम्य सतत मोजावे आणि ते १ च्या, म्हणजे पूर्ण साम्याच्या, अगदी जवळ असेल, तर प्लेअरने अपमिक्स आपोआप बंद करावे.