भिजलेलं भात: शिजवल्यानं बुरशीचं विष जात नाही

परतीचा पाऊस अजून सरलेला नाही. मुरबाड-शहापूरकडे हळवं भात कापून शेतात पसरलंय, आणि दुपारच्या उन्हावर विसंबून ठेवलेल्या कडप्यांवर संध्याकाळी सर कोसळते. अशा दिवसांत दर वर्षी तेच ऐकू येतं, "थोडी बुरशी लागली तर काय झालं, शिजवल्यावर सगळं मरतंच ना!"

बुरशी मरते, पण तिने दाण्यात सोडलेलं विष मरत नाही. या विषांत अफ्लाटॉक्सिन सगळ्यात घातक. ते मोडायला साधारण 240 अंशांच्या पुढची उष्णता लागते. टोपात भात 100 अंशांवर शिजतो, कुकरात 120 च्या आसपास. तवा कितीही लाल झाला तरी भाकरीच्या पोटातलं पीठ 100 च्या फार पुढे जात नाही. धुतल्याने वरची भुकटी निघते, आत मुरलेलं निघत नाही.

भातावर टरफल असल्यामुळे मका आणि भुईमुगापेक्षा हा धोका कमी असतो, हे खरं. पण मक्याने काय केलं ते लक्षात असू द्या. 1974 साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात अवेळी पावसात भिजलेला मका लोकांनी तसाच घरात भरला आणि रांधून खाल्ला. काविळीने शंभरावर माणसं गेली. तोच मका खाल्लेली कुत्रीही मेली.

एकदा शहापूरच्या एका खळ्यावर मी भाताच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला होता. वरचे दाणे कोरडे खडखडीत, आणि आत ऊब, जशी शेणखताच्या ढिगात असते. हात बाहेर काढला तर बोटांना हिरवट भुकटी आणि कुबट वास. घरातली बाई म्हणाली, "वरून तर चांगलं दिसतंय." म्हणून पोतं वरवर बघून ठरवू नका, हात आत घाला. आत ऊब लागली तर त्याच दिवशी पोतं रिकामं करून भात पसरा.

नुसतं ओलं झालेलं, अजून बुरशी न लागलेलं भात वाचवता येतं. कडपे बांधावर किंवा उंचवट्यावर हलवा, उलटून वारा लागू द्या, ओल्या भाऱ्यांची उडवी रचू नका. खळ्यावर ताडपत्रीवर दोन-तीन इंचांचा थर द्या आणि दिवसातून चार-पाच वेळा फिरवा. ऊन मिळणारच नसेल तर एक-दोन दिवसांत उकडून घ्या, उकडा तांदूळ होईल. पण बुरशी लागल्यावर उकडण्यात काही अर्थ नाही.

काळे-हिरवे दाणे वेचून टाका. तो माल कोंबड्यांना नको, गुरांना नको. दुभत्या जनावराने खाल्लेलं विष दुधात उतरतं, आणि दूध उकळलं तरी त्यात राहतं. बुरशीचा पेंढाही गव्हाणीत टाकू नका. नाका-तोंडाला फडकं बांधून सगळं खड्ड्यात पुरा.

कापणीच्या माणसांच्या जेवणाबद्दलही सांगतो. रात्रीचा भात उघड्यावर राहिला की त्यात जंतू वाढतात, आणि त्यांतल्या काहींचं विष फोडणी दिल्यानेही जात नाही. दुपारी शेतावर उलट्या होतात त्या नेहमीच उन्हामुळे नसतात. शेतावर न्यायचा भात सकाळी ताजा करा आणि दुपारच्या आत संपवा.

साठवण्याआधी एक सोपी पारख करून बघा. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर भात आणि दोन-तीन चमचे अगदी कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि बाटली थोडा वेळ ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर भातात अजून 15 टक्क्यांपेक्षा जास्त ओल आहे. तोवर कणगी भरू नका, पोतं शिवू नका.