जुन्या स्पोर्ट्स कारचं कूलंट बदलताना या चुका टाळा

‘कूलंट बदललं आणि आठवड्याभरात गाडी तापली’ असं कुणी सांगितलं की मी आधी एकच विचारतो, हवा काढली होती का? उत्तर ठरलेलं असतं: ‘रेडिएटर काठोकाठ भरला होता.’ रेडिएटर भरला म्हणजे इंजिन गार ठेवणारी अख्खी सिस्टिम भरली असं नाही. जुन्या स्पोर्ट्स कारचं नाक खाली असतं, त्यामुळे रेडिएटर बऱ्याचदा इंजिनाच्या हेडपेक्षाही, म्हणजे वरच्या भागापेक्षाही, खाली बसतो. हवा वर चढते आणि हेडमध्ये, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त उष्णता असते तिथेच अडकून बसते.

माझ्याकडे 1990च्या दशकातली टोयोटा एमआर2 होती. तिचं इंजिन सीटच्या मागे, रेडिएटर पुढे नाकात, आणि दोघांना जोडणारे लांबलचक पाईप गाडीच्या पोटाखालून जातात. मी मागून कूलंट ओतलं, तोंडापर्यंत आलं, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं आणि निघालो. तापमानाचा काटा मधोमध स्थिर होता. हीटर लावला तर गार हवा येत होती. ते माझ्या लक्षात आलं होतं, तरी ‘नंतर बघू’ म्हणून मी पुढे गेलो. मग काटा एकाएकी वर गेला आणि गोडसर वास आला. गाडी बंद करेपर्यंत हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, गेलं होतं आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकलं होतं. हेड उतरवून फेसिंग, म्हणजे तासून सपाट, करून घ्यावं लागलं.

काटा आधी का हलला नाही? सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरं तापमान सांगतो. त्याच्याभोवती हवेचा बुडबुडा असला तर तो उशिरा जागा होतो. हीटरला ऊब याच कूलंटमधून मिळते, म्हणून कूलंट बदलल्यावर माझा विश्वास काट्याआधी हीटरवर. इंजिन गरम असून हीटर गार असेल तर गाडी तिथेच थांबवा.

आता मी घाई करत नाही. इंजिन पुढे असेल तर नाक वर उचलून गाडी स्टँडवर घेतो आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवतो. हवा काढायचा ब्लीड स्क्रू असेल तर तो उघडा ठेवून अगदी बारीक धारेनं भरतो, बुडबुडे थांबून सलग द्रव येऊ लागला की बंद करतो. एमआर2मध्ये ब्लीड करायच्या जागा पुढे आहेत, एक रेडिएटरला आणि एक हीटरला. तिथे पारदर्शक नळ्या लावून त्या उंच टांगायच्या. मग इंजिन चालू करून थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत थांबायचं. त्यानंतर गाडी रात्रभर गार होऊ द्यायची आणि सकाळी पातळी बघायची. मी सलग तीन सकाळी बघतो. एका बैठकीत काम उरकल्याचं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

दुसरी चूक हिशेबाची, आणि ती चांगले जाणतेही करतात. समजा सिस्टिममध्ये 10 लिटर मावतं. रेडिएटरच्या नळातून निघालं 6. उरलेलं 4 इंजिनाच्या ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्येच राहतं. तुम्ही साध्या पाण्यानं दोन-तीनदा धुतलं, आता ते 4 लिटर जवळपास नुसतं पाणी आहे. त्यावर निम्मं पाणी असलेलं 6 लिटर तयार मिश्रण ओतलंत तर त्यातलं ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधला मुख्य द्रव, फक्त 3 लिटर, म्हणजे 50 टक्क्यांऐवजी 30. गोठणबिंदू उणे 37 अंशांवरून उणे 15-16च्या आसपास येतो, उत्कलनबिंदू उतरतो आणि गंज रोखणारी रसायनंही तेवढीच पातळ होतात. धुतल्यानंतर तयार मिश्रण वापरूच नका. 5 लिटर शुद्ध, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कूलंट आधी, मग 1 लिटर डिस्टिल्ड पाणी. निघालेलं कूलंट मी नेहमी खुणा केलेल्या बादलीत मोजतो. ‘जास्त तर चांगलं’ म्हणून नुसतं कूलंटही भरू नका. शुद्ध ग्लायकॉल उणे 13 अंशांच्या आसपासच गोठतं आणि पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

रंगावरून कूलंट निवडू नका. रंग कंपनी ठरवते, आतली रसायनं रंगावरून कळत नाहीत. नळाचं पाणी धुवायला चालेल, पण शेवटचं धुणं डिस्टिल्ड पाण्यानंच, नाहीतर क्षार आत बसतात.

थर्मोस्टॅटला हवा सोडणारी छोटी झडप असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा.

रेडिएटरचा प्लास्टिकचा ड्रेन प्लग हातानंच आवळा. पान्यानं आवळून तुटलेले प्लग मी बरेच पाहिलेत.

गरम इंजिनाची कॅप उघडू नका, चिंधी धरूनसुद्धा नाही.

आणि निघालेल्या कूलंटची बादली लगेच झाका. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशानंही मरतात. जमिनीवर सांडलेलंही पुसून, पाण्यानं धुवून मगच गाडीखालून बाहेर या.