टी पेशींचं सुपरनॅटंट बी पेशींना देताना

प्रयोग कागदावर सोपा दिसतो. टी पेशी उत्तेजित करायच्या, त्यांच्यावरचं माध्यम, म्हणजे सुपरनॅटंट, काढायचं, ते अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना द्यायचं आणि अँटिबॉडी मोजायची. शिंपल आणि वेकर यांनी १९७२ मध्ये दाखवलं की टी पेशी काढून टाकलेल्या कल्चरला असं माध्यम दिलं तर मेंढीच्या लाल पेशींविरुद्धची अँटिबॉडी पुन्हा तयार होते. त्या माध्यमात नेमकं काय असतं हे हाती लागायला १९८६ उजाडलं. आयएल-४, आयएल-५ आणि आयएल-६ या सायटोकाइन्सची (पेशी एकमेकींना संदेश द्यायला सोडतात ती प्रथिनं) जनुकं त्या वर्षी वेगळी काढली गेली. म्हणून नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, ‘सुपरनॅटंटने काम केलं’ हा निष्कर्ष नव्हे. त्यातल्या कोणी केलं ते दाखवा.

प्राणी नैतिकता समितीची परवानगी हातात आल्यावरच उंदीर मागवा. स्प्लीनच्या (प्लीहेच्या) पेशी मिलिलिटरला ५० लाख ठेवून कॉन ए (टी पेशी उत्तेजित करणारा पदार्थ) २.५ मायक्रोग्रॅम घाला, २४ ते ४८ तासांनी सेंट्रिफ्यूज करून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, छोट्या छोट्या अ‍ॅलिकॉट करून उणे ८० अंशांत ठेवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवू नका. कॉन ए मात्र सुपरनॅटंटमध्ये तसाच राहतो, त्यामुळे अल्फा-मिथाइल मॅनोसाइड घालून तो निकामी करावा लागतो. कंट्रोलसाठी उत्तेजित न केलेल्या पेशींचं सुपरनॅटंट घ्या आणि त्यात कॉन ए व मॅनोसाइड शेवटी मिसळा. नुसतं ताजं माध्यम हा कंट्रोल मी मान्य करत नाही.

बी पेशी सीडी४३ या पृष्ठभागावरच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या चुंबकीय मण्यांनी वेगळ्या करा. शांत बी पेशींवर सीडी४३ नसतं, टी पेशींवर असतं. त्यामुळे नको त्या पेशी अडकतात आणि बी पेशी हात न लागता खाली येतात. बी२२० (बी पेशींची खूण) आणि सीडी३ (टी पेशींची खूण) लावून शुद्धता तपासाच. मागे राहिलेल्या टी पेशी स्वतःच सायटोकाइन सोडायला लागल्या तर तुमचा सगळा युक्तिवाद गेला.

माध्यम आरपीएमआय, १० टक्के सीरम आणि ५० मायक्रोमोलर मर्कॅप्टोइथेनॉल. याचा वास कितीही वाईट असला तरी ते वगळू नका, उंदराच्या बी पेशी त्याच्याशिवाय तग धरत नाहीत. सोबत एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला घटक) मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम, कारण शांत बी पेशींना नुसत्या सायटोकाइननी अँटिबॉडीचा वर्ग (आयजीएम सोडून आयजीजी, आयजीई किंवा आयजीए) बदलता येत नाही, आधी ढकलावं लागतं. शरीरात ते काम बहुतांशी सीडी४० लिगँड करतं आणि ते टी पेशीच्या पृष्ठभागावर बसलेलं असतं. ज्या मुलांमध्ये ते जन्मतः सदोष असतं त्यांच्यात आयजीएम असतं, पण आयजीजी आणि आयजीए फारच कमी. ‘सगळं सायटोकाइनच करतात’ असं लिहिणाऱ्याला मी हे उदाहरण देते.

आता वेल्स, म्हणजे कल्चर प्लेटमधले खळगे. एलपीएस एकटं, एलपीएससोबत शुद्ध आयएल-४, १० नॅनोग्रॅम, एलपीएससोबत इंटरफेरॉन गॅमा (हेही सायटोकाइन, पुढे नुसतं ‘गॅमा’), मग सुपरनॅटंट, सुपरनॅटंट आणि आयएल-४ रोखणारी अँटिबॉडी ११बी११, सुपरनॅटंट आणि गॅमा रोखणारी एक्सएमजी१.२, आणि आयसोटाइप कंट्रोल (त्याच वर्गाची, पण यातलं काहीच न रोखणारी अँटिबॉडी). खरी मेख इथे आहे. आयएल-४ आयजीजी१ आणि आयजीई वाढवतं, तर गॅमा आयजीजी२ए वाढवून त्या दोघांना दाबतं. स्नॅपर आणि पॉल यांनी १९८७ मध्येच हे परस्परविरोधी नातं मांडलं. कॉन एच्या सुपरनॅटंटमध्ये दोन्ही असतात. आयजीजी१ फारसं वाढलं नाही म्हणून आयएल-४ नाही असं ठरवू नका. गॅमा रोखून मग बघा. आयजीईला आयजीजी१ पेक्षा जास्त आयएल-४ लागतं, तेव्हा पातळ केलेल्या सुपरनॅटंटमध्ये आयजीई आधी गायब होईल.

सी५७ब्लॅक/६ उंदीर वापरत असाल तर आयजीजी२एचं किट परत पाठवा. त्यांच्याकडे ते जनुकच नाही, आयजीजी२सी असतं. दुसरं, ११बी११ आणि एक्सएमजी१.२ दोन्ही रॅटच्या आयजीजी१ आहेत. तुमची एलायझाची (अँटिबॉडी मोजायच्या चाचणीची) अँटिबॉडी रॅटच्या अँटिबॉडीलाही चिकटत असेल तर तुम्ही घातलेलीच अँटिबॉडी मोजून आनंदी व्हाल. आयसोटाइप कंट्रोलच्या वेलमधली ‘आयजीजी१’ अचानक उंच दिसली तर आधी हेच तपासा.

पृष्ठभागावरचं आयजीजी१ चौथ्या दिवशी फ्लो सायटोमीटरवर बघा, एलायझासाठी सहाव्या-सातव्या दिवसाचं माध्यम घ्या. आयजीईच्या बाबतीत सावध राहा: आयएल-४ मुळे बी पेशींवर सीडी२३ वाढतं आणि ते बाहेरचं आयजीई धरून ठेवतं, त्यामुळे रंगलेली प्रत्येक पेशी आयजीई बनवणारीच असते असं नाही.

आणि जिवंत पेशी मोजल्याशिवाय एलायझाचा आलेख माझ्याकडे आणू नका. अँटिबॉडी दुप्पट दिसते तेव्हा पेशीच दुप्पट झालेल्या असू शकतात. वर्गबदल पेशीविभाजनाशी बांधलेला असतो, म्हणून सुरुवातीलाच सीएफएसई (प्रत्येक विभाजनाला निम्मा होत जाणारा रंग) लावा आणि तितक्याच वेळा विभागलेल्या पेशींची आपसात तुलना करा.