आधी वही, मग जाकीट

गावात साथीच्या, पुराच्या वेळी आरोग्य स्वयंसेवक म्हणून उभं राहायचं असेल तर मृग लागायच्या आत आशाताईंसोबत घरोघरी फिरा. कोणाचे दिवस भरत आले, कोण डायलिसिसला जातो, कोणाची गाडी रात्री दोनला निघेल, नाला भरला तर दवाखान्याची दुसरी वाट कोणती, हे सगळं वहीत लिहा. मोबाईलवर भिस्त नको, पाऊस आला की आधी लाईन जाते. १०८ सगळ्यांना पाठ असतो. गरोदर बाईसाठीचा १०२ बऱ्याच जणांना आठवत नाही.

हगवणीसाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

साप चावला तर आवळून बांधू नका, चिरा देऊ नका. चावलेला हातपाय न हलवता प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. ते कुठे मिळतं, हे आजच विचारून ठेवा.

फवारणीची विषबाधा यवतमाळने २०१७ मध्ये भोगली आहे. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, औषधाची बाटली पेशंटसोबत पाठवा. नुसतं 'कपाशीचं औषध' सांगून डॉक्टरला काय कळणार? आणि धुताना हातमोजे तुमच्या हातात हवेत.