एमेट टिल प्रकरण वर्गात शिकवताना

नववी-दहावीला अमेरिकेतली नागरी हक्क चळवळ शिकवायची, तर बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी सीट न सोडणाऱ्या रोझा पार्क्सपासून सुरुवात करू नका. तीन महिने मागे जा. दोन तासिका लागतील.

पहिल्या तासिकेला फळ्यावर तीन नावं लिहा. तिघांचेही खून मिसिसिपी राज्यातले, १९५५ सालचे. मे: रेव्हरंड जॉर्ज ली. १३ ऑगस्ट: लामार स्मिथ. २८ ऑगस्ट: एमेट टिल, वय १४. पहिले दोघे कृष्णवर्णीयांना मतदानाचा हक्क बजावायला उभं करत होते, म्हणून गोळ्या घालून मारले गेले. स्मिथ तर दिवसाढवळ्या, कोर्टाच्या आवारात. एमेट शिकागोहून आईच्या मावशीकडे सुट्टीला आला होता. दुकानातल्या गोऱ्या बाईशी उद्धटपणे वागल्याचा आरोप ठेवून तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि सावत्र दीर जे. डब्ल्यू. मिलम यांनी त्याला रात्री घरातून उचलून नेलं. तीन दिवसांनी तो टॅलाहाची नदीत सापडला, गळ्यात काटेरी तारेनं बांधलेला जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या यंत्राचा, लोखंडी पंखा. (विदर्भ-खानदेशात जिनिंग म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.)

आता विचारा: लोक तिसऱ्या नावावर का पेटले? ‘तो लहान होता’ हे उत्तर लगेच येतं. ते अर्धंच आहे. शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, प्रेत तिथेच घाईनं पुरायचं होतं. आई मेमी यांनी ते शिकागोला आणवलं आणि शवपेटी उघडी ठेवली. हजारो लोक रांगेनं येऊन पाहून गेले, ‘जेट’ साप्ताहिकानं फोटो छापला. लपवलेली हिंसा तिनं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आणली.

तो फोटो मात्र वर्गात दाखवू नका. मुलं सुन्न होतात आणि ‘का’ हा प्रश्न तिथेच थांबतो. त्याऐवजी भर कोर्टात उभं राहून आरोपींकडे बोट दाखवणारे मोझेस राइट, त्या मावशीचे यजमान, दाखवा. गोऱ्यांवर असा आरोप करणं तिथे जिवावर बेतू शकत होतं.

ज्युरीतले बाराही जण गोरे पुरुष. निकाल ६७ मिनिटांत: निर्दोष. इथे थांबा आणि ज्युरीत एकही कृष्णवर्णीय का नव्हता ते विचारा. ज्युरी मतदार यादीतून निवडत. मग पहिल्या दोन नावांवर खडू ठेवा आणि घाई करू नका. जोडणी मुलांनाच करू द्या.

जानेवारी १९५६ मध्ये दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. ‘मग पुन्हा खटला का नाही?’ असं कुणीतरी विचारणारच. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला भरता येत नव्हता. आपल्या राज्यघटनेच्या कलम २०(२) चा दाखला देताना जपून. ते शिक्षा झालेल्यापुरतं आहे.

दुसरी तासिका अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहराची. २७ नोव्हेंबरला तिथल्या डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये मिसिसिपीतले नागरी हक्क नेते डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड एमेटच्या खुनावर बोलले. श्रोत्यांत रोझा पार्क्स होत्या. १ डिसेंबरला त्यांनी बसमधली सीट सोडली नाही, त्यांना अटक झाली आणि शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला. त्यांना ‘दमलेली शिवणकाम करणारी बाई’ म्हणणं ही सर्रास होणारी चूक, त्या एन.ए.ए.सी.पी. या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या महिला राजकीय परिषदेनं तर १९५४ मध्येच महापौरांना बस-बहिष्काराचा इशारा दिला होता. संताप होता, त्याला वाट करून देणारी संघटनाही तयार होती, म्हणून बहिष्कार ३८१ दिवस टिकला.

गृहपाठ: एमेटच्या नावाचा झुंडबळीविरोधी केंद्रीय कायदा २९ मार्च २०२२ ला झाला. इतका उशीर का, ते मुलांनी दहा ओळींत लिहावं.